तुतीच्या पानावरचा पाश्चर

पाश्चरचे नाव काढले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला जोसेफ माइस्टर नावाचा मुलगा आणि दुधाची पिशवी. शाळेच्या पुस्तकांनी लावलेली ही सवय. मलाही बरीच वर्षे याच्यापलीकडचा पाश्चर ठाऊक नव्हता. तो मला भेटला अगदीच अनपेक्षित ठिकाणी, रेशीमकिड्यांची अंडी तयार करणाऱ्या एका केंद्रात.

लांबलचक टेबलापाशी बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात सूक्ष्मदर्शक. अंडी घालून झालेली मादी पतंग उचलायची, छोट्याशा खलात टाकायची, पोटॅशियम कार्बोनेटचे पातळ द्रावण घालून वाटायची आणि त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन बघायचा. त्यात चकाकणारे लंबगोल कण दिसले की त्या मादीचा अंडीपुंज बाद. तो जाळून टाकायचा. दिसले नाहीत तर तो शेतकऱ्याकडे जायचा. गप्पा मारता मारता त्यांचे हात चालले होते. ही पद्धत कुणाची, असे मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी मान वर न करताच पाश्चरचे नाव घेतले. दीडशे वर्षांपूर्वी त्याने घालून दिलेल्या पद्धतीत मुख्य असे काहीच बदललेले नाही, असेही ते म्हणाले.

घरी आल्यावर मी पाश्चरची चरित्रे पुन्हा काढली. जवळजवळ प्रत्येकात रेशीमकिड्यांचे एक प्रकरण असते. पण ते आंबवण आणि लस या दोन मोठ्या पर्वांच्या मध्ये, गाडीने छोटे स्टेशन ओलांडावे तसे मागे पडते. मला मात्र वाटू लागले आहे की हा माणूस खऱ्या अर्थाने घडला तो त्याच पाच वर्षांत. त्या पाच वर्षांनी त्याच्याकडून किंमतही जबर वसूल केली.

तेव्हाचा काळ आधी समजून घ्यायला हवा. फ्रान्सच्या दक्षिणेला सेवेन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन खडकाळ, धान्य जेमतेम. तिथल्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा यायचा तो रेशमाचा. तुतीला ते सोन्याचे झाड म्हणत. वसंत ऋतू आला की घरातल्या बायका अंड्यांची पुरचुंडी छातीशी बांधून अंगाच्या उबेवर अंडी उबवीत. पंचवीस ग्रॅम अंड्यांतून चाळीस हजारांच्या आसपास अळ्या निघतात. चार वेळा कात टाकेपर्यंत महिनाभर त्या नुसते पान खात राहतात. शेवटच्या आठवड्यात तर घरातल्या कुणाला झोप नसे. आपल्याकडे जालना-बीडच्या बाजूला आज जे शेतकरी रेशीम करतात, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

या मुलखावर १८५०च्या आगेमागे रोग आला. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके पडत. तिकडच्या बोलीत मिरीला जो शब्द आहे, त्यावरून कात्रफाज नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने रोगाचे नाव ठेवले पेब्रिन. अळ्या खायच्या थांबत, लहानमोठ्या होत, कोष न विणताच मरत. १८५३ साली फ्रान्समध्ये २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते. १८६५ साली तो आकडा ४० लाखांवर उतरला. शेतकरी बाहेरून अंडी आणू लागले. आधी इटलीतून, मग ग्रीस, तुर्कस्तान, कॉकेशस असे करत करत. व्यापारी जिथे जात तिथे रोग मागोमाग पोचे. शेवटी निरोगी अंडी मिळत ती फक्त जपानात. तिथल्या शोगुनने तिसऱ्या नेपोलियनला अंड्यांचे पंधरा हजार पुठ्ठे भेट म्हणून धाडले. अंड्यांचा व्यवहार म्हणजे निव्वळ जुगार होऊन बसला होता, कारण पुठ्ठ्यावरची अंडी चांगली की रोगट हे बघून कळत नसे.

१८६५ साली दक्षिणेतल्या साडेतीन हजारांहून अधिक जमीनदारांनी, महापौरांनी, नगरसेवकांनी सिनेटकडे अर्ज केला. त्यावरचा अहवाल लिहिण्याचे काम आले झाँ-बाप्तिस्त द्युमा यांच्याकडे (कादंबरीकार द्युमा नव्हेत, हे रसायनशास्त्रज्ञ). द्युमांचा जन्म सेवेनच्या पायथ्याच्या अलेस गावातला. आपल्या गावची तुतीची झाडे तोडून चुलीत चाललेली त्यांना दिसत होती. त्यांनी आपल्या आवडत्या विद्यार्थ्याला गळ घातली. पाश्चरने उत्तर दिले की मी उभ्या आयुष्यात रेशीमकिड्याला हात लावलेला नाही. द्युमांनी त्याला सांगितले, की तेच बरे. मनात आधीची मते नसतील तर जे दिसेल तेच पाहशील.

पाश्चर तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. जन्म २७ डिसेंबर १८२२चा, ज्युरा प्रांतातल्या दोल गावी. बाप कातडी कमावणारा, पहिल्या नेपोलियनच्या फौजेत सार्जंट होऊन आलेला. पोराने शिकून जवळच्याच शाळेत मास्तर व्हावे एवढीच त्याची इच्छा. मुलाने पंचविशीतच टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांत डावे-उजवे वेगळे करून दाखवले, स्ट्रासबुर्गला असताना रेक्टरच्या मुलीशी, मारी लोराँशी, लग्न केले, लीलला दारूच्या भट्ट्यांत आंबवणाचा अभ्यास केला आणि आंबवण हे सूक्ष्मजीवांचेच काम असल्याचे सिद्ध केले. मग सडक्या पदार्थातून जीव आपोआप उपजतात म्हणणाऱ्यांशी जाहीर झुंज घेऊन ती जिंकली. हवेत, धुळीत, सगळीकडे जंतू असतात, हे त्याने जगाला पटवले. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

१८६५च्या जूनमध्ये तो दक्षिणेकडे निघाला आणि वाटेत आव्हिन्योंला झाँ-आँरी फाब्र यांच्याकडे गेला. फाब्र म्हणजे कीटकांचे वेड घेतलेला, खिशात दमडी नसलेला शाळामास्तर. पुढे त्याच्या पुस्तकांनी जग गाजवले. पाश्चरने कोष पाहायला मागितला. फाब्रने शेजाऱ्याकडून ओंजळभर आणून दिले. पाश्चरने एक उचलला, कानाशी धरून हलवला आणि आत काहीतरी वाजते आहे म्हणून आश्चर्य केले. आत काय असते, असे त्याने विचारले. आत कोशित असतो आणि त्याचा पतंग होतो, हे त्याला फाब्रकडून कळले. फाब्रने हा प्रसंग लिहून ठेवला आहे आणि त्यात थट्टा नाही, उलट कौतुक आहे. अळी म्हणजे काय, कोशित म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस तिचा रोग बरा करायला निघाला आहे, या धाडसाचे. मला मात्र ही गोष्ट वाचताना दर वेळी त्या सेवेनच्या शेतकऱ्यांची काळजी वाटते.

अलेसला पोचून नऊ दिवस होतात न होतात तोच बाप अत्यवस्थ असल्याची तार आली. तो आर्ब्वाला धावला. पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्याच सप्टेंबरात त्याची दोन वर्षांची मुलगी कामिय गेली. थोरली जान सहा वर्षांपूर्वी विषमज्वराने गेलीच होती. पुढल्या वर्षी, १८६६च्या वसंतात, पाश्चर पुन्हा अलेसला असताना बायको मुलींना घेऊन त्याच्याकडे यायला निघाली. वाटेत शाँबेरीला बारा वर्षांची सेसिल आजारी पडली. पुन्हा विषमज्वर. पाश्चर तिला एकदा भेटून आला, जरा उतार वाटला म्हणून किड्यांकडे परतला, आणि २३ मे रोजी ती गेली. पाच मुलांपैकी तीन अशी हातची गेली. एका वर्षाच्या आत त्याने तीन प्रेतयात्रा पाहिल्या आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा त्या तुतीच्या गावी आला. काही चरित्रकार याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात. असेल. मला वाटते, सुतकी घरात बसण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोळा घालून बसणे त्याला सोपे जात असावे.

अलेसच्या बाहेर पाँ-जिस्के नावाच्या ठिकाणी त्यांनी घर घेतले. एका रिकाम्या इमारतीत प्रयोगशाळा मांडली. सोबत तरुण शिष्य, जर्ने, माइयो, पुढे द्युक्लो. मारी आणि धाकटी मारी-लुईझ या दोघी पाने तोडायला, अळ्या चाळायला, पतंग वेगळे करायला शिकल्या. शास्त्रज्ञाच्या घरातल्या बायकांचा इतिहास लिहायचा झाला तर हे घर त्यात आले पाहिजे. मारी रात्री त्याची टिपणे लिहून घ्यायची आणि दिवसा किड्यांचे टोपले सांभाळायची.

आता मुख्य गोष्ट. रोगी किड्यांत ते चकाकणारे लंबगोल कण दिसतात, हे पाश्चरने शोधलेले नाही. ते त्याच्या कितीतरी आधी दिसले होते. इटलीत कोर्नालियाने त्यांचे वर्णन केले होते, म्हणून त्यांना कोर्नालियाचे कण म्हणत. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीने १८५७ साली त्याला सजीव मानून नोसेमा बॉम्बिसिस असे नावही दिले होते. इटलीतच ओसिमो आणि विट्टाडिनी यांनी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी निवडावीत असे सुचवले होते. पण ते फसत होते. अंडी स्वच्छ दिसायची आणि अळ्या मरायच्या.

पाश्चरने पहिल्याच हंगामात हेरले ते असे, की कण अंड्यात आणि लहान अळीत दिसत नसले तरी रोग तिथे असतो आणि किडा मोठा होत जातो तसे कण वाढत जातात. कोशितात ते दिसू लागतात, पतंगात तर कधीकधी गच्च भरलेले असतात. तेव्हा अंडी तपासू नका, अळी तपासू नका, आई तपासा. जोडी वेगळी करा, मादीला स्वतंत्र कापडाच्या तुकड्यावर अंडी घालू द्या, त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात तिला टाचून ठेवा, मग सवडीने तिला वाटून बघा. सगळी पद्धत एवढीच. खेड्यातली पोरही ते करू शकेल असे तो म्हणे आणि करून दाखवी.

आणि गंमत पाहा. ही पद्धत सुचवताना, १८६५त, पाश्चरचे मत असे होते की हे कण म्हणजे रोगाचे कारण नव्हे. ते जंतू नाहीत, परोपजीवी नाहीत, किड्याच्याच पेशी बिघडून झालेला पदार्थ आहे. पू असतो तसा. ज्याने सगळीकडे जंतू आहेत म्हणून अवघ्या पॅरिसशी भांडण केले, त्याला डोळ्यांसमोरचा जंतू ओळखू येईना! इकडे माँपेलिएचे प्राध्यापक आंत्वान बेशां, तिकडे बाल्बियानी, जर्मनीतले लायडिग, हे लोक तो परोपजीवीच आहे म्हणून सांगत होते. पाश्चर ऐकेना. त्याने बेशांची टर उडवली. जवळजवळ दोन वर्षे तो आपल्या म्हणण्याला चिकटून राहिला.

त्याच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. यीस्टला फुटणारे कोंब त्याने पाहिले होते, तसे काही या कणांत दिसत नव्हते. ते दुभंगतानाही दिसत नव्हते. शिवाय असे ढीगभर किडे मरत होते ज्यांच्यात एकही कण नसे. कण नसताना रोग, मग कण कारण कसे? प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर असे होते की रोग एक नव्हे, दोन होते, आणि ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

१८६७च्या सुरुवातीला जर्नेच्या प्रयोगांनी त्याला मागे ओढले. निरोगी अळ्यांना रोगट किडे वाटून माखलेली पाने खाऊ घातली, ठरावीक दिवसांनी कण दिसू लागले, आधी आतड्याच्या भिंतीत, मग सर्वांगात. अळ्या एकमेकींच्या अंगावरून चालताना नख्यांनी ओरखडतात, त्या ओरखड्यांतूनही रोग जातो. रोगट अळीची विष्ठा पानावर पडली की पुढचीला रोग होतो. वाळलेल्या धुळीतले कण मात्र पुढल्या हंगामापर्यंत मरतात. वर्ष ओलांडून रोग जातो तो फक्त आईकडून अंड्यात. म्हणजे अंडे शुद्ध केले की रोगाची साखळी तुटली. पाश्चरने मत बदलले. बदलले ते पुरते बदलले आणि मग सगळे आपणच पहिल्यापासून म्हणत होतो अशा थाटात लिहू लागला. बेशांचे ऋण त्याने कधी मानले नाही. बेशां १९०८ साली वारला तोवर हा कडवटपणा त्याने जपला. पाश्चरच्या प्रयोगवह्या १९७१ साली लोकांना खुल्या झाल्या आणि १९९५ साली जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकाराने त्या चाळून पुस्तक लिहिले, तेव्हा लसींच्या बाबतीत तो जाहीर एक सांगे आणि वहीत दुसरेच असे, हे उघड झाले. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. मला त्यात धक्का बसण्यासारखे काही वाटले नाही. ज्यांनी रेशीमकिड्यांचे प्रकरण नीट वाचले आहे त्यांना हा माणूस आधीच माहीत असतो.

पण एक गोष्ट या सगळ्यात निसटून जाऊ नये. सिद्धांत चुकीचा असताना सांगितलेली पद्धत बरोबर होती. कण कारण असो की खूण असो, कण असलेल्या आईची अंडी टाका, हे दोन्ही बाजूंनी खरेच ठरते. शेतकऱ्याला वाट पाहायला वेळ नव्हता आणि पाश्चरने त्याला वाट पाहायला लावली नाही.

आता तो दुसरा रोग. पेब्रिनमुक्त अंडी वापरूनही त्या वर्षी त्याच्या काही घाण्या भराभर मेल्या. कणांचा पत्ता नाही. अळ्या मलूल, खाणे बंद, मग मऊ पडून काळ्या, दुर्गंधी सुटलेल्या. शेतकऱ्यांना तो ठाऊक होता, फ्लॅचरी म्हणून. आजही आपल्याकडचे शेतकरी याच नावाने ओळखतात. पाश्चरने अळ्यांच्या आतड्यात साखळीसारखे जंतू आणि कुजलेले पान पाहिले आणि ठरवले, की हे आतड्यातल्या आंबवणाचे काम. ओले पान, गरम पान, दाटीवाटी, बंद खोली, यांनी किडा दुबळा होतो आणि जंतू माजतात. औषध नाही. हवा खेळती ठेवा, आणि शेवटच्या कातीनंतर ज्या घाणीतल्या अळ्या काटक्यांवर चपळाईने चढत नाहीत तिचे बियाणे धरू नका. जंतू आणि त्याला मिळणारी जमीन, दोन्हीकडे बघायला हवे, हे भान त्याला इथे आले.

अंडी विकणारे व्यापारी खवळले होते. त्यांच्या कमाईच्या मुळावर कुणी एक पॅरिसचा रसायनवाला आला होता. १८६८ साली त्यांनी उठवलेली आवई पॅरिसपर्यंत पोचली, की अलेसच्या लोकांनी पाश्चरला दगड मारून हाकलून दिले. सासऱ्याने घाबरून पत्र लिहून विचारणा केली. तसे काही घडले नव्हते.

घडले ते वेगळेच. १९ ऑक्टोबर १८६८, सोमवार. सकाळपासून डाव्या अंगाला मुंग्या येत होत्या. तरी तो अकादमीच्या सभेला गेला, कारण त्याची पद्धत वापरून आलेले एका इटालियन रेशीम उत्पादकाचे निष्कर्ष त्याला वाचून दाखवायचे होते. वाचले, पायी घरी आला, जेवला, आडवा झाला. रात्रीतून डावी बाजू लुळी पडली. वय पंचेचाळीस. आठवडाभरातच त्याने जर्नेला बिछान्यातून एक टिपण सांगून लिहवून घेतले. विषय फ्लॅचरीचा.

त्याच्यासाठी त्या वेळी नवी प्रयोगशाळा बांधणे चालू होते. खिडकीतून आवाज येईनासा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आले की गवंड्यांनी काम थांबवले आहे. हा माणूस आता मरणार, मग खर्च कशाला, असा हिशेब सरकारी खात्यात कुणीतरी केला होता. त्याला ते फार लागले. मग बादशहापर्यंत गोष्ट गेली आणि काम पुन्हा सुरू झाले. खात्यांचा स्वभाव सगळ्या देशांत आणि सगळ्या काळात एकच असतो, एवढेच म्हणायचे.

जानेवारी १८६९मध्ये, अजून धड चालता येत नसताना, तो गाडीत आडवा पडून पुन्हा दक्षिणेकडे निघाला. या खेपेला मुक्काम साँ-इपोलित-द्यु-फोर इथे, थंडगार, गैरसोयीच्या घरात. खुर्चीत बसून तो हुकूम सोडायचा, बाकीचे किडे सांभाळायचे. डावा हात पुढे कधीच पुरता सुधारला नाही. लशींचे ते सुप्रसिद्ध प्रयोग त्याच्या डोक्याने आणि रू-शांबरलाँच्या हातांनी झाले, ते त्यामुळे.

त्याच वर्षी लियोंच्या रेशीम मंडळाने त्याच्याकडे खात्रीची अंडी मागितली. मंडळाचा विश्वास नव्हता, परीक्षा पाहायची होती. पाश्चरने चार वाणे पाठवली आणि सोबत भविष्य लिहून दिले. एक वाण उत्तम निघेल, दुसरे पेब्रिनने मरेल, तिसरे फ्लॅचरीने, चौथे दोन्हींनी. मंडळाने चारही वाढवली. चारही त्याने लिहिल्याबरहुकूम निघाली. असला आत्मविश्वास मला थोडा भीतीदायक वाटतो, पण व्यापाऱ्यांची तोंडे बंद करायला दुसरा इलाज नव्हता हेही खरे. मार्शल व्हायां यांनी मग त्याला ट्रिएस्टजवळच्या व्हिला व्हिचेन्तिना या राजपुत्राच्या जहागिरीवर पाठवले. तिथली रेशमाची शेती दहा वर्षे तोट्यात होती. पाश्चरच्या अंड्यांनी एका हंगामात वीस हजार फ्रँकांहून अधिक नफा दिला. तिथेच बसून त्याने पुस्तक पुरे केले. रेशीमकिड्यांच्या रोगावरचे ते दोन खंड १८७० साली निघाले आणि जुलैमध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झाले. बादशहा गेला, राजपुत्र गेला, जहागीर गेली. पुस्तक राहिले.

फ्रान्सचे रेशीम वाचले का? सरळ उत्तर द्यायचे तर नाही. किडे वाचले. पण १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, चीन-जपानचे स्वस्त रेशीम थेट मार्सेच्या धक्क्यावर येऊन पडू लागले आणि सेवेनचे शेतकरी रोगातून उठून बाजारात मेले. पद्धतीचा खरा फायदा घेतला इटलीने, आणि त्याहून जास्त जपानने. आपल्याकडे बंगालमध्ये नित्यगोपाल मुखर्जी यांनी ती रुजवण्यासाठी खटपट केली. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरला जपानी तज्ज्ञ आणून रेशीम फार्म उभारला, त्याचे नाव त्या भागाला अजून आहे. रेशीमकिड्यांनी शिकवलेल्या विद्येवर पुढे पॅरिसला जी संस्था उभी राहिली, तिथेच काम करून हाफकीन १८९६ साली प्लेगच्या मुंबईत आले. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

फ्लॅचरीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पाश्चरने पाहिलेले जंतू खरेच तिथे होते, पण पुष्कळदा ते मागून आलेले असत. पुढे जपानी संशोधकांनी दाखवले की फ्लॅचरीच्या बऱ्याच प्रकारांत आतड्यावर पहिला घाला विषाणूचा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा. विषाणू ही कल्पनाच १८९०च्या दशकात तंबाखूच्या रोगावरून आली. पाश्चरने कुत्र्याच्या रोगावर लस केली तीही असल्याच एका जंतूवर, त्याला कधीही न दिसलेल्या. रेशीमकिड्यांची ग्रासरी, म्हणजे कावीळ, हीदेखील विषाणूची. पेशीच्या केंद्रकात बहुकोनी स्फटिक साठतात, ते पाश्चरच्या काळातही लोकांनी पाहिले होते. १९४७ साली जर्मनीत बेर्गोल्डने ते स्फटिक विरघळवून आतल्या काडीसारख्या विषाणूंना उजेडात आणले. त्या स्फटिकाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या जागी माणसाचे इंटरफेरॉनचे जनुक बसवून सुसुमु माएदा यांनी १९८५ साली अळीच्या अंगात माणसाचे औषध तयार केले.

फ्लॅचरीशी नाते सांगणाऱ्या डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूंपैकी एकाची कथा मला विशेष आवडते. त्याचा डीएनए दोन वेगळ्या तुकड्यांत असतो आणि त्या डीएनएच्या प्रती काढणारे प्रथिन तो स्वतःच बाळगतो. त्याच्यासारख्या इतर लहान विषाणूंना ते जमत नाही. त्यामुळे २०११ साली त्याचे वेगळे कुळ मानावे लागले. असल्या विषाणूच्या एकेका जनुकापासून कोणती प्रथिने बनतात, हे शोधण्यात चीन-जपानच्या प्रयोगशाळांनी वर्षे घालवली आहेत. काम किचकट. जनुक कापून जिवाणूत घालायचे, त्याच्याकडून प्रथिन करवून घ्यायचे, ते सशाला टोचून त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची आणि त्या प्रतिपिंडांचा गळ टाकून आजारी अळीच्या आतड्यात तेच प्रथिन कोणत्या तासाला, किती लांबीचे दिसते ते बघायचे. वाचायला सुरुवात कुठून होते त्यावर एकाच जनुकातून कधी दोन-तीन लांबीची प्रथिने निघतात. मग त्यातले विषाणूच्या कवचाचे कोणते, कामकरी कोणते आणि नुसते तुटून पडलेले कोणते, हा वाद. जे दिसते आहे ते कारण की खूण, या प्रश्नावर पाँ-जिस्केच्या घरातही दोन वर्षे गेली होती.

पुढचे सारे सर्वांना ठाऊक आहे. १८८१ साली पुयी-ल-फोरला मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग, ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर, १८८८ साली संस्था. त्याच्या हाताखाली काम करायला येणाऱ्या तरुणांना तो आधी रेशीमकिड्यांवरचे आपले पुस्तक वाचायला सांगे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. २८ सप्टेंबर १८९५ रोजी विलनव्ह-लेताँ इथे तो गेला. नोत्र-दामला सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला आणि नंतर त्याला संस्थेच्या तळघरात ठेवले. त्या तळघराच्या भिंतींवर आणि कमानींवर रंगीत काचतुकड्यांचे चित्रकाम आहे. मेंढ्या आहेत, कुत्रा आहे, द्राक्षाचे वेल आणि बिअरच्या हॉप्सच्या वेली आहेत. एका बाजूला तुतीची पाने आहेत आणि त्यांवर रेशमाचे किडे. पुढे १९१० साली मारीलाही तिथेच, त्याच्याजवळ, पुरले.